वीसपैकी तेरा

"अकोल्यात फ्रेंच? काहून गा?" हा प्रश्न मला पंचवीस-तीस वर्षं लोकांनी विचारला. लग्नाच्या पंगतीत विचारला, एसटीत विचारला, दाढी करता करता न्हाव्यानं विचारला. मी सुरुवातीला जगाच्या संस्कृतीबद्दल वगैरे बोलायचो. पुढे पुढे खरं सांगायला लागलो. मार्कांसाठी. अकरावी-बारावीला मराठी घेतलं तर मास्तर मार्क हात राखून देतात, फ्रेंच घेतलं तर मार्क भरभरून पडतात, अशी आमच्या भागात पक्की समजूत आहे. तिच्यावर माझं घर चाललं. एका जिनिंगवाल्या शेठनं तर पोराचा प्रवेश घेताना मला सरळ विचारलं होतं, "सर, याले फ्रेंच आलं नाही तरी चालते. मार्क येतीन न?" मी म्हणालो, येतील. आले.

या विषयात मी केलं काय, ते बाहेरच्या माणसाला समजेल असं एका उदाहरणावरून सांगतो. फ्रेंचमध्ये घडून गेलेली गोष्ट सांगायच्या दोन तऱ्हा असतात. एक तोंडी बोलायची, दुसरी पुस्तकात लिहायची. या पुस्तकी भूतकाळाला 'पासे साँप्ल' म्हणतात, म्हणजे साधा भूतकाळ. पॅरिसमधला भाजीवाला तो कधीच बोलत नाही, पण राजाराणीच्या गोष्टी त्याच्याशिवाय पुढे सरकत नाहीत. आमच्या पोरांना धड्यात तो ओळखता आला तरी पुरत असे. पण मी तो घोटून घ्यायचो. नियमित क्रियापद घ्यायचं, त्याचं शेवटचं, लिहायचं पण पुरतं न बोलायचं 'एर' कापायचं आणि उरलेल्याला सहा शेपट्या लावायच्या. 'शाँते' म्हणजे गाणं म्हणणे. मी गायलो, शाँते. तू, शाँता. तो किंवा ती, शाँता. आम्ही, शाँताम. तुम्ही, शाँतात. ते, शाँतेर. माझा वर्ग हे पाढ्यासारखं म्हणायचा आणि मी टेबलावर डस्टर आपटून ताल धरायचो. आमच्या कॉलेजात शांता नावाची एक शिपाईबाई होती. ती दारावरून जाताना दरवेळी आत डोकावून जायची.

चुका ठरलेल्या असत. मराठीत क्रियापद कर्माकडे बघून रूप बदलतं. राजानं मुकुट आणला, राजानं टोपी आणली. फ्रेंचमध्ये या काळात टोपीला कोणी विचारत नाही, राजाकडेच बघायचं. पण आमची पोरं टोपी स्त्रीलिंगी दिसली की क्रियापदाच्या मागे स्त्रीलिंगाचा मुका 'ए' चिकटवून मोकळी. ही चूक फ्रान्सात कोणी करत नसेल. मी ती हजारो वेळा लाल शाईनं खोडली आहे, आणि दरवेळी मला त्या पोराबद्दल माया वाटली आहे, कारण मीही ती दोन वर्षं केली होती.

मी बार्शीटाकळीचा. वडील सरकारी कचेरीत शिपाई होते. मी अमरावतीला शिकायला गेलो तेव्हा ते म्हणाले होते, "जे गावात कोणालेच येत नाही ते शिक बाबू. तिथं तुया वरतं कोणी बसलेलं नसते." त्यांच्या आयुष्यात वर बसलेली माणसं फार होती, म्हणून ते तसं म्हणाले. मला वाक्य पटलं. संध्याकाळचा फ्रेंचचा वर्ग सुरू झाल्याची पाटी दिसली तसा मी नाव घालून आलो.

शिकवायला पुदुच्चेरीहून आलेले एक वयस्क सर होते. वर्गात आम्ही अकरा जण. दिवाळीनंतर पाच उरलो, उन्हाळ्यात दोन. दुसरी होती मालती गावंडे. बाळापूरची, शेतकरी घरातली. तिच्या घरच्यांनी तिला बी.एड.साठी पाठवलं होतं आणि हा वर्ग तिनं संध्याकाळी वेळ जात नाही म्हणून घेतला होता.

फ्रेंच 'र' आपल्या 'र'सारखा जिभेच्या शेंड्यावर बोलत नाहीत, घशात खरवडतात. मी तो आणण्यासाठी गुळण्या केल्या, आरशासमोर बसलो, घसा बसवून घेतला. जमलं नाही, आजतागायत नाही. मालतीनं पहिल्याच दिवशी तोंड उघडलं आणि सर खुर्चीत सरळ होऊन बसले. बाळापूरला तिच्या घराला लागून फातिमाखालांचं घर होतं. मालती लहानपणी त्यांच्याच ओट्यावर वाढली, खालांच्या पोरींबरोबर उर्दू बोलली. 'ग़रीब', 'बाग़' या शब्दांतला घशातला 'ग़' ती लहानपणापासून जसा म्हणायची, तसाच तिनं फ्रेंचचा 'र' म्हटला. जी गोष्ट मी घसा फोडून मिळवू बघत होतो, ती तिला शेजारच्या ओट्यावर फुकट मिळालेली होती.

सर मला नियम विचारायचे आणि तिला वाचायला लावायचे. सहा शेपट्या मला आधी पाठ झाल्या, पण ती 'शाँतेर' म्हणाली की सर डोळे मिटायचे. माझं झालं की वहीत खूण करायचे. वडिलांनी सांगितलेल्या त्या जागेवर, जिथं माझ्यावर कोणी बसायचं नव्हतं, तिथं ही येऊन बसली होती. तिनं मला कधी हलकं लेखलं नाही, डब्यातलं दिलं, माझ्या वह्या मागून घेतल्या. त्यामुळे तर मला तिचा जास्तच राग येई.

पुढे तिला अमरावतीत ज्युनिअर कॉलेजात नोकरी लागली, मला अकोल्यात. दोन जिल्ह्यांत फ्रेंच शिकवणारे आम्हीच दोघं म्हणता येतील असे. तोंडी परीक्षा वीस गुणांची. घरच्याच मास्तरनं घरच्याच पोरांना गुण दिले की लोक बोलतात, म्हणून आमच्या दोन्ही प्राचार्यांनी आपसात ठरवून टाकलं की तिची पोरं मी तपासायची आणि माझी तिनं. दर हिवाळ्यात मी सकाळच्या गाडीनं मूर्तिजापूर, बडनेरा करत अमरावतीला जायचो. ती मला आधी गिलावडा खाऊ घालायची, मग वर्गात नेऊन बसवायची आणि स्वतः बाहेर निघून जायची. गुणांचा कागद मी पाकिटात घालून चिकटवून ऑफिसात द्यायचो. तिनं तो आधी बघायचा नाही, मी तिचा बघायचा नाही, असा नेम होता आणि तो दोघांनी पाळला.

माझ्या पोरांना ती अठरा-एकोणीस द्यायची. "तुये पोट्टे तयार असतात गा," म्हणायची. "झोपेतून उठवून इचारलं तरी रूपं सांगतीन." मी तिच्या पोरांना सोळा-सतरा द्यायचो आणि स्वतःला सांगायचो की मी काटेकोर आहे.

तिची पोरं पाढे म्हणत नव्हती. हा काळ पुस्तकात लिहायचा असतो ना, मग पोरांनी पुस्तकच लिहावं, असं तिचं म्हणणं. प्रत्येकानं आपल्या घरात खरोखर घडलेली एक गोष्ट फ्रेंचमध्ये लिहायची, त्या राजाराणीच्या काळात. म्हैस हरवली, मामाचं लग्न मोडलं, आजी पहिल्यांदा लिफ्टमध्ये चढली. कागद सुईदोऱ्यानं शिवायचे, वर नाव घालायचं आणि तोंडी परीक्षेला ते न बघता सांगायचं. मी तिला एकदा म्हणालो, "हे बोलीत कोणी वापरत नाही, तू पोरांना चुकीचं वळण लावून राहिली." ती म्हणाली, "अरे, त्याइले आपल्या घरची गोष्ट पुस्तकात गेल्यासारखी वाटते. वाटू दे न." मी घरी येऊन एका वर्गाला तसं करायला लावून पाहिलं. पोरं म्हणाली, "सर, यावर कितीचा प्रश्न येते?" मी ते बंद करून डस्टर उचललं.

आता त्या वर्षाचं सांगतो. ज्याच्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला, ते हे आहे.

सानिका नावाची मुलगी होती. चिखलदऱ्याची. वडील पर्यटकांना जीपमधून पॉइंट दाखवायचे. ती अमरावतीला वसतिगृहात राहून शिकायची. मालतीनं मला गिलावडा देताना तिच्याबद्दल सांगितलं होतं, तसं तिनं आधी कधी केलं नव्हतं. "पुण्याले फ्रेंच घेऊन बी.ए. करतो म्हणते. भाषेच्या मार्कांवर यादी लागते तिथली. पोट्टी गुणाची हाये, बाकी तू पाहून घे." यात शिफारस अशी काही नव्हती. मला मात्र ती शिफारसच वाटली, आणि माझा घास कडू झाला.

सानिका आली, हात जोडून बसली आणि सांगायला लागली. एकदा पावसाळ्यात घाटात एवढं धुकं आलं की जीपचा पुढचा भाग दिसेना. आत पाहुणे, लहान मुलं, सगळे घाबरलेले. वडिलांनी काकांच्या हाती स्टिअरिंग दिलं, खाली उतरले आणि हाका देत, रस्ता चाचपत पुढे चालू लागले. मागे वळून बघावं तर त्यांना जीप दिसत नव्हती. तेव्हा ते ओरडले, गा. गाडीतले सगळे गायले. वडील तो आवाज मागे ठेवून चालत राहिले आणि जीप त्यांच्या मागून खाली आली.

'गायले' म्हणताना ती 'शाँतेर' म्हणाली. मी आयुष्यभर डस्टर आपटून जो शब्द पोरांकडून वदवून घेतला, तो मला त्या दिवशी पहिल्यांदा कळला. आणि त्यातला 'र' घशातून आलेला, बाळापूरच्या ओट्यावरचा, मालतीचा, पोरीच्या तोंडी जसाच्या तसा. माझ्या एकाही विद्यार्थ्याच्या तोंडात माझं असं काही नव्हतं. माझ्याजवळ द्यायला होतं तरी काय. मला जे झालं त्याला दुसरं नाव नाही. हेवा.

मी तिला मध्येच तोडलं आणि एका वेगळ्याच क्रियापदाचं 'तुम्ही'चं रूप विचारलं. तिनं सांगितलं. 'आम्ही'चं विचारलं. सांगितलं. मग मी तिला पॅरिसच्या भुयारी रेल्वेबद्दल विचारलं. ना तिच्या पुस्तकात ते होतं, ना तिच्या गोष्टीत. ती शुद्ध फ्रेंचमध्ये नम्रपणे म्हणाली की मला माहीत नाही, मी तिथं गेलेली नाही. मीही गेलेलो नव्हतो. मी तिला जायला सांगितलं आणि कागदावर तेरा लिहिले. शेरा लिहायच्या रकान्यात लिहिलं, 'पाया कच्चा.' पाकीट चिकटवलं, ऑफिसात दिलं आणि दुपारच्या गाडीनं अकोल्याला आलो. गाडीत मला झोप चांगली लागली, हेही लिहून टाकतो.

उन्हाळ्यात निकाल लागला. पुण्याच्या यादीत सानिकाचं नाव चार गुणांनी हुकलं. अमरावतीत फ्रेंच घेऊन पदवी होत नाही, म्हणून तिनं दुसरे विषय घेतले. हे मला मालतीनं फोनवर सांगितलं. मला वाटलं होतं ती भांडेल. मी उत्तरं तयार ठेवली होती, नियमावली जवळ काढून ठेवली होती. ती म्हणाली, "सुरेश, तिले तोंडीत तेरा पडले. ऑफिसात शेरा पायला मी. माया शिकवण्यातच काही राहून गेलं गा. पोट्ट्यांच्या गोष्टी गोष्टी करत बसली मी अन् पाया कच्चा ठेवला. तुया तो रूपांचा तक्ता पाठवतं का मले?"

तेव्हा सांगायला हवं होतं. फोन माझ्या हातात होता, घरात दुसरं कोणी नव्हतं. मी म्हणालो, "पाठवतो." आणि दुसऱ्या दिवशी सहा शेपट्यांचा तक्ता छान अक्षरात काढून तिला टपालानं धाडला.

पुढच्या हिवाळ्यात मी अमरावतीला गेलो. गिलावडा झाला. वर्गात बसलो. पहिला मुलगा आला, हाताची घडी घातली आणि म्हणाला, "शाँते, शाँता, शाँता, शाँताम, शाँतात, शाँतेर." दुसरी मुलगी आली, तिनंही तेच. तिसरा, चौथा. मी विचारलं, "गोष्ट?" एक जण म्हणाला, "यावर्षी मॅडमनं नाही घेतल्या सर. रूपंच पक्के करून घेतले." त्यांचा 'र' जिभेच्या शेंड्यावरचा होता. तालात म्हणायला तो सोपा पडतो, हे मला माहीत आहे. मी सगळ्यांना अठरा, एकोणीस दिले. देण्यासारखंच होतं. बाहेर आलो तर मालती जिन्याशी उभी. "आता?" तिनं विचारलं. मी म्हणालो, "आता बरोबर." तिचा चेहरा परीक्षा पास झालेल्या पोरीसारखा झाला. तिथून पुढे निवृत्त होईपर्यंत तिनं तसंच शिकवलं.

मी आधी निवृत्त झालो, ती गेल्या वर्षी. तिच्या निरोप समारंभाला मला दोन शब्द बोलायला बोलावलं होतं. मी चारशे बोललो, सगळे गोड. उत्तराच्या भाषणात ती म्हणाली, "तायडे सरांचे उपकार मी विसरणार नाही. त्यांनी माझी चूक वेळेवर दाखवून दिली, नाहीतर मी पुढच्या पोरांचंही नुकसान केलं असतं." टाळ्या वाजल्या. लोक मागे वळून माझ्याकडे बघत होते. मी हात जोडले, आणि तसे जोडलेले हात खाली कसे घ्यावेत ते मला सुचेना.

आठ दिवस मी घरात कोणाशी धड बोललो नाही. बायको म्हणाली, "काही दुखून राहिलं काय?" नवव्या दिवशी सकाळची गाडी धरली.

मालती घरी मेथी निवडत बसली होती. मी चहा येऊ दिला नाही. बसल्या बसल्या सगळं सांगितलं, सरांनी डोळे मिटण्यापासून तक्त्यापर्यंत. ती निवडत राहिली. मग हात थांबले.

"खरे किती होते?" तिनं विचारलं.

"वीस."

"वीसपैकी?"

"वीसपैकी वीस."

 मला वाटलं ती रडेल, किंवा घरातून जा म्हणेल. तिनं पदराला हात पुसले, मोबाइल घेतला आणि नंबर लावून, स्पीकर चालू करून मधे टीपॉयवर ठेवला. दोनदा वाजला. "मॅडम," असा आवाज आला, आणि तो आवाज ऐकताना कळत होतं की पलीकडे सानिका हातातलं काम टाकून उभी राहिली आहे. ती आता परतवाड्याला एका कार्यालयात कारकून आहे. तिचं लग्न, तिची सासू, वडिलांचे गुडघे, जीप विकली, मॅडम तुमी येत काहून नाही, असं किती तरी वेळ चाललं. मी समोर बसून ऐकत होतो. मग मालती म्हणाली, "तायडे सर बसले हायेत माया घरी. त्याइले तुले काही सांगायचं हाये."

"नमस्कार सर," सानिका म्हणाली.

मी सांगितलं. तुझी तोंडी परीक्षा उत्तम झाली होती. वीस द्यायला हवे होते, मी तेरा दिले. तुझा पाया कच्चा नव्हता. मी मुद्दाम दिले. माफ कर म्हणालो, आणखीही काही म्हणालो असेन.

 फोन बंद झाला की काय म्हणून मी वाकून बघितलं.

"फ्रेंच तर मी विसरली सर," ती म्हणाली. "आता एक वाक्य नाही येत." मग म्हणाली, "पण मंग मॅडमचं शिकवणं बरोबर होतं न? आमच्यानंतर त्यांनी गोष्टी बंद केल्या म्हणे. माया मार्कांपायी बंद केल्या, असं पोरी सांगत. मले इतके वर्षं तेच लागून राहिलं होतं सर. तुमी त्यांना सांगा, त्यांचं बरोबर होतं."

मी म्हणालो, "हो. बरोबर होतं." मालती समोरच बसली होती आणि तिनं तोंड भिंतीकडे वळवलं होतं. मी तीस वर्षं शिकवलं, माझी पोरं डॉक्टर झाली, कारखानदार झाली, रस्त्यात भेटली की पाया पडतात. माझं चुकलं की बरोबर होतं, हे त्यांच्यापैकी एकानंही कधी विचारलेलं नाही. माफी मागायला गेलेला माणूस मी, पुरता उघडा पडून बसलेलो, आणि त्या क्षणीही, खोटं कशाला लिहू, मला मालतीचा हेवाच वाटला.